फ्रँकनकॅसल: पनिशर राक्षस झाला ते वर्ष पहिल्यांदा वाचणाऱ्यांसाठी

‘पनिशरला मारलं, त्याचे तुकडे केले, मग कुणीतरी ते शिवून त्याचा राक्षस बनवला.’ फ्रँकनकॅसलची गोष्ट एवढ्यात सांगून होते, आणि एवढीच ऐकली की बहुतेक जण मान हलवून पुढे जातात. बंदूक घेऊन गुंडांच्या मागे लागणारा हा माणूस, त्याचं भुयारात राहणाऱ्या लांडगेमाणसांशी आणि ममींशी काय काम? मला मात्र ही मार्व्हलच्या मुख्य विश्वातली पनिशरची सगळ्यात मनाला लागलेली कथा वाटते. ती नीट क्रमाने वाचली पाहिजे, ही एकच अडचण. अंकांचे आकडे, मालिकेचं बदललेलं नाव आणि दुसऱ्याच मालिकांत जाऊन बसलेले तुकडे यांमुळे नवा वाचक तिसऱ्या पायरीवरच हरवतो. तसं होऊ नये म्हणून हे सगळं क्रमाने मांडते आहे.

एक गोष्ट आधीच सांगते. हे रूपांतर तात्पुरतं आहे. फ्रँक कॅसल, म्हणजे पनिशर, पुन्हा माणूस होतो हे जगजाहीर आहे, त्यामुळे ते लपवत बसणार नाही. तो कसा परततो हे आठव्या पायरीत आहे. ते आधी कळायला नको असेल तर तेवढी पायरी वाचन संपेपर्यंत राखून ठेवा.

१. फ्रँक कॅसल कोण ते आधी पक्कं करा

वाचलेला असेल तर ही पायरी ओलांडा.

पनिशर पहिल्यांदा आला ‘अमेझिंग स्पायडर-मॅन’च्या १२९व्या अंकात, १९७४ साली. लेखक जेरी कॉनवे, अंकाचे चित्रकार रॉस अँड्रू, आणि छातीवरच्या मोठ्या कवटीसह त्याचा वेश ठरवण्यात जॉन रोमिता सीनियर यांचा हात. त्या अंकात तो स्पायडर-मॅनला मारायला निघालेला असतो, म्हणजे जन्मापासूनच तो नायक आणि खलनायक यांच्या मधल्या पट्ट्यातला. व्हिएतनाम युद्धातून परतलेला सैनिक, न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये सहलीला गेलेलं कुटुंब, माफियाच्या गोळ्यांना बळी पडलेली बायको आणि दोन मुलं. त्यानंतर फ्रँकने एकच काम हाती घेतलं: गुन्हेगार दिसला की मारायचा. पकडून पोलिसांच्या ताब्यात देणं त्याला मान्य नाही.

मराठीत इंद्रजाल कॉमिक्समधला वेताळ वाचत वाढलेल्यांना कवटीची खूण ओळखीची आहे. वेताळाची कवटी गुंडाच्या जबड्यावर उमटायची आणि गोष्ट तिथे संपायची. फ्रँकच्या कवटीसमोर आलेला माणूस सहसा उठत नाही.

या कथेसाठी त्याच्या स्वभावातली एक गोष्ट ध्यानात ठेवा: फ्रँकला स्वतःच्या जगण्याची हौस नाही. काम उरलं आहे म्हणून तो जगतो. पुढची सगळी गोष्ट या एका खिळ्यावर टांगलेली आहे.

२. हाताशी काय लागेल

संपूर्ण अनुभवासाठी लागणारे अंक असे:

- ‘पनिशर’, २००९ची मालिका, अंक १ ते १० (पूर्वपीठिका)
- ‘डार्क रेन: द लिस्ट – पनिशर’, एकच विशेषांक
- त्याच ‘पनिशर’ मालिकेचे अंक ११ ते १६
- ‘फ्रँकन-कॅसल’, अंक १७ ते २१
- ‘डार्क वुल्व्हरीन’, अंक ८८ आणि ८९
- ‘पनिशर: इन द ब्लड’, अंक १ ते ५ (उत्तरकथा)

घाई असेल तर पहिली आणि शेवटची ओळ सोडून मधले चौदा अंक वाचा. मधला गाभा साधारण तीनशे पानांचा आहे, दोन निवांत संध्याकाळींचं काम. पण पहिली ओळ का सोडू नये हे पाचव्या पायरीत सांगते, ते वाचून ठरवा.

वाचायचे मार्ग तीन. मार्व्हल अनलिमिटेड हे वर्गणीचं अ‍ॅप सगळ्यात सोपं, कारण तुटक अंक शोधायला तिथे त्रास पडत नाही. दुसरा मार्ग किंडलवर डिजिटल प्रत विकत घेण्याचा. तिसरा छापील संग्रहाचा: ‘पनिशर: फ्रँकनकॅसल’ नावाचा जाडजूड संग्रह निघाला होता, आणि या मालिकेचा लेखक रिक रेमेंडर याच्या पनिशरचा सगळा ऐवज एकत्र करणारा ऑम्निबसही आहे. छापील प्रत परदेशातून मागवावी लागली तर घाई करू नका. जुन्या संग्रहांच्या किमती विक्रेत्यागणिक फार बदलतात.

मोबाइलच्या छोट्या पडद्यावर ही मालिका वाचू नका, हे मात्र आग्रहाने सांगते. चित्रकार टोनी मूरची पानं बारीकसारीक तपशिलांनी गच्च भरलेली असतात. टाके, नळ्या, गंजके बोल्ट, मागे कोपऱ्यात उभा असलेला एखादा विचित्र जीव. एकेक चौकट मोठी करून बघण्यात अर्धी मजा निघून जाते. टॅब्लेट तरी हवा.

३. आकड्यांची भानगड सोडवा

नवे वाचक इथेच सगळ्यात जास्त अडकतात, म्हणून जरा सविस्तर.

‘फ्रँकन-कॅसल’चा पहिला अंक शोधू नका. तो नाही. रिक रेमेंडरने २००९मध्ये ‘पनिशर’ची नवी मालिका सुरू केली. अकराव्या अंकापासून फ्रँक राक्षस झाला, तरी मुखपृष्ठावर मालिकेचं नाव ‘पनिशर’च राहिलं. सोळाव्या अंकानंतर मालिकेचंच नाव बदललं, आकडे मात्र तेच पुढे चालू ठेवले. म्हणून ‘फ्रँकन-कॅसल’ थेट १७व्या अंकापासून सुरू होते आणि २१व्या अंकाशी संपते. अ‍ॅपमध्ये नुसतं हे नाव शोधलं तर पाचच अंक समोर येतात, आणि वाचक गोष्टीच्या मधोमध जाऊन पडतो.

नाव दोन तऱ्हांनी लिहिलेलं आढळतं. कधी सलग, कधी फ्रँकन आणि कॅसल यांच्यामध्ये आडवी रेघ देऊन. एका तऱ्हेने शोधून काही मिळालं नाही तर दुसरी वापरून बघा. तरीही नाही मिळालं तर लेखकाच्या नावाने शोधा.

त्या वर्षी दुकानात दोन पनिशर होते. एक मार्व्हलच्या मुख्य विश्वातला, जिथे स्पायडर-मॅन आणि अ‍ॅव्हेंजर्स आहेत. दुसरा प्रौढांसाठीच्या मॅक्स शिक्क्याखालचा, जिथे कुणाकडेही अचाट शक्ती नाही. जेसन एरन आणि स्टीव्ह डिलन यांची ‘पनिशरमॅक्स’ साधारण त्याच सुमारास सुरू झाली. ती उत्तम आहे, पण तिचा या गोष्टीशी काडीचाही संबंध नाही. दोन्हींचे अंक मिसळून वाचले तर एका पानावर फ्रँक वयस्क, थकलेला माणूस आणि दुसऱ्यावर टाक्यांनी शिवलेला राक्षस, असा गोंधळ होतो. यादीत ‘पनिशर’ हे नाव दिसलं की पुढे कंसातलं वर्ष बघायचंच. आपल्याला २००९ हवं.

मृत्यू मालिकेच्या अंकात घडत नाही. दहाव्या अंकाच्या शेवटी फ्रँक धडधाकट आहे आणि अकराव्याच्या सुरुवातीला त्याचे तुकडे झालेले आहेत. मधला दुवा ‘डार्क रेन: द लिस्ट’ या विशेषांकात आहे. वाचकांचा सगळ्यात जास्त सुटणारा अंक हाच.

मुखपृष्ठावरच्या महिन्यावरून क्रम लावू नका. अमेरिकन कॉमिक्सवर छापलेला महिना प्रत्यक्ष विक्रीच्या महिन्यापेक्षा साधारण दोन महिने पुढचा असतो. २००९च्या शेवटी दुकानात आलेल्या अंकावर २०१० दिसतं. वेगवेगळ्या मालिकांचे अंक जुळवताना हे विसरलं की क्रम उलटतो.

संग्रह विकत घेत असाल तर पाठीमागचा मजकूर किंवा अनुक्रमणिका बघून घ्या. विशेषांक, ‘पनिशर’ ११ ते १६, ‘फ्रँकन-कॅसल’ १७ ते २१ आणि ‘डार्क वुल्व्हरीन’चे दोन अंक, हे चारही असले तरच गोष्ट पूर्ण. मुखपृष्ठावर टाक्यांचा चेहरा आहे एवढ्यावर पैसे मोजू नका.

४. त्या काळातलं मार्व्हल, थोडक्यात

२००८च्या ‘सीक्रेट इन्व्हेजन’ या मोठ्या कथेत परग्रहावरच्या स्क्रल लोकांचं आक्रमण होतं. शेवटी त्यांच्या राणीला गोळी घालतो नॉर्मन ऑसबर्न, म्हणजे स्पायडर-मॅनचा जुना शत्रू ग्रीन गॉब्लिन. सगळं जग हे टीव्हीवर बघतं आणि तो राष्ट्राचा तारणहार ठरतो. सरकार शील्ड संस्था मोडून सुरक्षेची सूत्रं त्याच्या हाती देतं. तो हॅमर नावाची स्वतःची संस्था उभी करतो आणि अ‍ॅव्हेंजर्सच्या जागी खलनायकांना वेश चढवून उभं करतो. या कालखंडाला ‘डार्क रेन’ म्हणतात.

त्या नकली अ‍ॅव्हेंजर्समध्ये वुल्व्हरीनच्या जागी त्याचा मुलगा डाकेन आहे. देखणा, क्रूर, कुणालाही बोटावर नाचवणारा. बापाच्या प्रत्येक हाताला तीन नख्या वरून निघतात. डाकेनच्या दोन वरून आणि तिसरी मनगटाच्या खालच्या बाजूने निघते. लढाईच्या पानांवर हे लक्षात ठेवलं की वुल्व्हरीन कोण आणि डाकेन कोण हे चटकन ओळखता येतं, आणि पुढे ते ओळखण्याची गरज पडतेच.

बाकी ‘डार्क रेन’चे ढिगाने अंक आहेत. त्यांच्या मागे लागू नका.

५. पहिले दहा अंक वाचा, निदान सहा ते दहा

बऱ्याच याद्या हे अंक ‘ऐच्छिक’ म्हणून बाजूला ठेवतात. मला ते अजिबात पटत नाही.

पहिल्या पाच अंकांत फ्रँक ऑसबर्नला गोळी घालायचा प्रयत्न करतो आणि फसतो. सूर्याएवढी ताकद असलेला सेंट्री मध्ये पडतो. इथेच हेन्री नावाचा संगणकात तरबेज तरुण त्याला येऊन मिळतो. हेन्रीवर लक्ष ठेवा, तो कुणाचा मुलगा आहे हे नंतर कळतं. जेरोम ओपेन्याची चित्रं या अंकांत आहेत आणि ती अप्रतिम आहेत.

खरी तयारी होते सहा ते दहामध्ये. हूड नावाचा गुन्हेगार मेलेल्या खलनायकांना उठवून फ्रँकच्या मागे लावतो. त्यांत मायक्रोचिप आहे, एकेकाळचा फ्रँकचा सहकारी. आणि मग फ्रँकपुढे सगळ्यात मोठं आमिष ठेवलं जातं: त्याची बायको आणि मुलं जिवंत होऊन समोर येतात.

दुसरा कुठलाही नायक इथे कोलमडला असता. फ्रँक त्यांना पुन्हा आगीच्या हवाली करायला लावतो. मेलेल्यांना असं ओढून परत आणणं त्याला मंजूर नाही, मग ती स्वतःची मुलं का असेनात.

यानंतर लगेच विशेषांक येतो, आणि त्याच्या पुढच्या अंकात तोच माणूस, त्याला न विचारता, मेलेल्यांतून उठवला जातो. जो निर्णय त्याने बायकामुलांसाठी छातीवर दगड ठेवून घेतला, तो त्याच्या बाबतीत दुसऱ्यांनी उलटा घेतला. अकराव्या अंकातला फ्रँक गप्प का आहे, ज्यांनी त्याला वाचवलं त्यांचे आभार तर सोडाच, त्यांच्याकडे बघायलाही तयार का नाही, हे सहा ते दहा वाचलेल्यालाच कळतं. थेट अकरापासून सुरुवात करणाऱ्याला तो फक्त चिडका राक्षस वाटतो.

६. ‘द लिस्ट’: मृत्यूचा अंक

ऑसबर्नने त्याला अडचणीच्या ठरलेल्या माणसांची यादी केली आहे, फ्रँकचं नाव त्यात आहे. हॅमरची फौज आणि डाकेन त्याच्या मागावर निघतात. चित्रं जॉन रोमिता ज्युनियरची, म्हणजे ज्यांनी पनिशरचा वेश घडवला त्यांच्याच मुलाची. हा योगायोग मला फार आवडतो.

अंक लहान आणि सरळ आहे. पावसात, गच्चीवर, फ्रँक आणि डाकेन यांची झुंज होते आणि ती फ्रँक हरतो. शरीराचे तुकडे होतात. मार्व्हलच्या मुख्य मालिकेत इतकं स्पष्ट दाखवलेलं मरण क्वचितच दिसतं, त्यामुळे मनाची तयारी ठेवा. घरातल्या लहान मुलाच्या हाती हा संग्रह ‘सुपरहीरोचं पुस्तक’ म्हणून देऊ नका. पुढच्या अंकांतही रक्त भरपूर आहे.

शेवटच्या पानांवर अंधारातून छोटे जीव येऊन ते तुकडे उचलून नेतात. ते मोलॉइड, जमिनीखाली राहणारे.

७. अंक ११ ते १६: भुयारातलं शहर

सावकाश वाचा. या सहा अंकांसाठी बाकीचा सगळा खटाटोप आहे.

मॅनहॅटनच्या पोटात राक्षसांची एक वस्ती आहे. वर राहायला जागा न उरलेले सगळे इथे गोळा झालेले. त्यांचं रक्षण करतो लीजन ऑफ मॉन्स्टर्स हा गट. त्यातली माणसं (माणसंच म्हणते) आधी ओळखून घ्या:

- मॉर्बियस: रक्ताच्या दुर्धर आजारावर इलाज शोधताना स्वतःच रक्तपिपासू बनलेला शास्त्रज्ञ. फ्रँकला शिवतो तो हाच.
- जॅक रसेल: लांडगामाणूस.
- एन’कांटू: जिवंत ममी.
- मॅनफिबियन: पाण्यातही राहू शकणारा खवल्यांचा जीव.
- मॅन-थिंग: दलदलीतून उगवलेला, न बोलणारा. त्याच्यासमोर ज्याला भीती वाटते तो त्याच्या स्पर्शाने जळतो.

हे सगळे एकाच काळातले का, याला एक छान कारण आहे. १९५४च्या कॉमिक्स कोडने अमेरिकन कॉमिक्समधून रक्तपिपासू, लांडगेमाणसं आणि चालती प्रेतं हद्दपार केली होती. १९७१मध्ये नियम सैल झाले, आणि जुन्या साहित्यातल्या परंपरेला धरून असतील तर रक्तपिपासू आणि लांडगेमाणसं दाखवायला परवानगी मिळाली. चालत्या प्रेतांवरची बंदी तेवढी राहिली. मार्व्हलने लगेच धडाका लावला: १९७१मध्ये मॉर्बियस, १९७२मध्ये लांडगामाणूस, १९७३मध्ये ममी आणि फ्रँकेन्स्टाइनच्या राक्षसाची मालिका, १९७५मध्ये मॅनफिबियन. पुढे ही लाट ओसरली आणि ही पात्रं अडगळीत गेली. भुयारातली वस्ती म्हणजे मार्व्हलची ती अडगळच. पनिशरही त्याच दशकातला, १९७४चा. तो इथे येऊन पडतो तेव्हा आपल्याच पिढीच्या लोकांत आलेला असतो. ही पात्रं आधी वाचलेली नसली तरी काही अडत नाही. वर दिलेली एकेक ओळ पुरे.

आता गोष्ट. वस्तीवर शिकारी चालून येतात: राक्षस म्हणून जन्मलेलं काहीही मारून टाकणारी जपानी फौज आणि तिचा म्होरक्या रॉबर्ट हेल्सगार्ड. हेल्सगार्ड एकोणिसाव्या शतकातला युरोपीय माणूस, लोखंडी चिलखतात बंद झालेला. राक्षसांमुळे त्याने आपलं कुटुंब गमावलं आणि तेव्हापासून त्याने एकच काम हाती घेतलं आहे.

ओळखीचं वाटलं? वाटायलाच हवं. कुटुंब गेलं, मग त्या जातीतला दिसेल तो मारायचा, दोषी की निर्दोष हे न बघता. फ्रँकने आयुष्यभर जे केलं त्याचंच हे दुसरं रूप, आणि या वेळी फ्रँक बंदुकीच्या चुकीच्या टोकाला उभा आहे. शिकार होणाऱ्यांत म्हातारे आहेत, पोरं आहेत, कुणाच्या वाटेला न जाणारे मोलॉइड आहेत.

सुरुवातीला त्याला या भांडणात पडायचं नसतं. मॉर्बियसची विनवणी त्याला हलवत नाही. निरपराध जीव मारलेले डोळ्यांसमोर दिसतात तेव्हा तो उठतो. रेमेंडर इथे भाषणबाजी करत नाही, फ्रँककडे फार संवादही देत नाही. म्हणून वाचताना शब्दांच्या मागे धावू नका, चेहरे बघा. मूरने शिवलेल्या, अर्धवट कुजलेल्या चेहऱ्यात फ्रँकचे जुने डोळे तसेच ठेवले आहेत. तो कधी बघतो, कशाकडे बघतो आणि कधी नजर वळवतो, यातून निम्मी कथा कळते.

टोनी मूर हा ‘वॉकिंग डेड’चा पहिला चित्रकार, २००३मध्ये सुरू झालेल्या त्या मालिकेचे सुरुवातीचे सहा अंक त्याने काढले. रेमेंडरबरोबर त्याने ‘फिअर एजंट’ही केलं होतं. प्रेतं आणि चिखल त्याच्या हातात बसलेले, पण त्याला विनोदही जमतो. अवाढव्य बंदुका, चामड्याचा कोट, कुठल्याशा यंत्राचे तुकडे जोडून केलेलं अंग, हे सगळं तो पूर्ण गांभीर्याने काढतो आणि तरी पानात खोडकर ऊर्जा असते. जुन्या छापील भयकथांचा वास असलेली ही चित्रं आहेत.

एका सवयीबद्दल सावध करते. लेखक गार्थ एनिसचा पनिशर वाचून आलेले वाचक इथे ‘हे खरं वाटत नाही’ म्हणून पुस्तक मिटतात. एनिसच्या फ्रँकला वास्तवाची चौकट लागते, ते त्याचं बळ आहे. इथली चौकट वेगळी आहे. फ्रँकच्या मनाचं जे होतं ते खरं वाटतं का, एवढंच तपासा. मला ते पानोपानी खरं वाटतं.

ब्लडस्टोनवरही लक्ष ठेवा. उल्कापातातून आलेलं हे लाल रत्न. त्याचा तुकडा छातीत रुतल्यामुळे युलिसिस ब्लडस्टोन नावाचा शिकारी हजारो वर्षं जगला. हेल्सगार्डला ते हवं आहे, आणि राक्षसांनी ते का जपून ठेवलं आहे हे अंकांत कळतं. पुढचं सगळं या दगडाभोवती फिरतं.

८. अंक १७ ते २१: सूड, आणि परतीची किंमत

इथून मालिकेचं नाव ‘फ्रँकन-कॅसल’. ज्यांना शेवट आधी कळायला नको त्यांनी इथे थांबावं.

सूर बदलतो. वस्तीची लढाई संपलेली असते आणि फ्रँकच्या मनात डाकेन उरलेला असतो. हा भाग दोन मालिकांत विभागलेला आहे, म्हणून वाचायचा क्रम लिहून ठेवा:

१. ‘फ्रँकन-कॅसल’ १७ आणि १८
२. ‘डार्क वुल्व्हरीन’ ८८
३. ‘फ्रँकन-कॅसल’ १९
४. ‘डार्क वुल्व्हरीन’ ८९
५. ‘फ्रँकन-कॅसल’ २०
६. ‘फ्रँकन-कॅसल’ २१

‘डार्क वुल्व्हरीन’चे लेखक डॅनियल वे आणि मार्जोरी ल्यू. त्यांचे दोन अंक डाकेनच्या डोक्यातून सांगितलेले आहेत, त्यामुळे आवाज एकदम पालटतो. दोन अंकांपुरतं ते चालवून घ्या. झुंजीत वुल्व्हरीनही उतरतो, आणि नख्यांची खूण इथे उपयोगी पडते. खरं सांगायचं तर हा मारामारीचा तुकडा गरजेपेक्षा लांबला आहे. एका बैठकीत वाचून टाका.

एकविसावा अंक मात्र थांबून वाचण्यासारखा. ब्लडस्टोन फ्रँकच्या शरीरात आहे. तो मांस भरून काढतो, टाके नाहीसे होत जातात, कुजलेली कातडी पुन्हा माणसाची होते. पण दगड शरीर बरं करत असताना मनात रक्ताची तहान पेटवतो. चेहरा माणसाचा होत जातो तसा फ्रँक आतून हाताबाहेर जात राहतो. मॉन्स्टर आयलंडवर तो असा भरकटलेला असताना लीजनचे लोक त्याला थोपवायला येतात. ज्यांच्यासाठी तो भुयारात लढला तेच आता त्याच्याकडून दगड काढून घेण्यासाठी समोर उभे असतात.

टाक्यांनी शिवलेला असताना जो शहाणा होता, तो धडधाकट शरीर मिळाल्यावर धोक्याचा होतो. ही उलटापालट मला सगळ्या मालिकेतली सगळ्यात चांगली कल्पना वाटते, आणि ती एकाच अंकात उरकली याची हळहळही. दगड गेला की उरतो तो फ्रँक कॅसल, पूर्वीचाच. २०१०च्या उत्तरार्धात हा अंक आला, म्हणजे राक्षसरूप दुकानात जेमतेम वर्षभर टिकलं.

९. आणखी काही खड्डे

‘हे रूपांतर पुढे पुसून टाकलं, म्हणून वाचायची गरज नाही’ असं कुणी सांगितलं तर मनावर घेऊ नका. पुसलेलं नाही. मालिका पुढे सरकल्या, एवढंच.

फ्रँकवर असा प्रयोग पहिल्यांदा झाला असंही नाही. १९९८मध्ये मार्व्हल नाइट्सच्या चार अंकांच्या कथेत त्याला मेल्यानंतर देवदूतांचा हस्तक बनवलं होतं. चित्रं बर्नी राइट्सन यांची, म्हणजे भयचित्रांतल्या फार मोठ्या माणसाची, पण कथा फ्रँकला मानवली नाही. दोन्ही शेजारी ठेवून बघा. देवदूत फ्रँकला वरून नेमणूक मिळते. राक्षस फ्रँकला कुणीच नेमत नाही, कुणासाठी लढायचं हे त्याला स्वतः ठरवावं लागतं. म्हणून एक प्रयोग विसरला गेला आणि दुसऱ्याची आठवण अजून निघते.

कथानक आधी विकीवर वाचून मग अंक उघडायची सवय असेल तर या एका कथेपुरती ती मोडा. सारांशात ही गोष्ट नेहमी हास्यास्पद दिसते.

१०. पुढे काय वाचावं

लगेच वाचायचं ते ‘पनिशर: इन द ब्लड’, २०१० ते २०११, पाच अंक. लेखक रेमेंडरच, चित्रं रोलंड बोशी. फ्रँक माणूस आहे, हेन्री सोबत आहे आणि फ्रँकचा जुना शत्रू जिगसॉ परत आला आहे. पहिल्या दहा अंकांत पेरलेले धागे इथे बांधले जातात. ती वगळली तर हेन्रीची गोष्ट अर्धी राहते.

भुयारातली मंडळी आवडली असतील तर २०११ची चार अंकांची ‘लीजन ऑफ मॉन्स्टर्स’ बघा. रेमेंडर आणि मूर ही जोडी आवडली असेल तर त्याच वर्षीची ‘व्हेनम’, जिच्यात पाय गमावलेला सैनिक फ्लॅश थॉम्प्सन ठरावीक वेळापुरता राक्षसाच्या कातडीत शिरतो. तात्पुरतं राक्षस होण्याचा विषय या दोघांनी तिथे आणखी पुढे नेला आहे. आणि फ्रँकचंच आणखी विचित्र रूप हवं असेल तर ‘थॅनॉस’च्या १३व्या अंकापासून, २०१८मध्ये, डॉनी केट्स आणि जेफ शॉ यांनी आणलेला कॉस्मिक घोस्ट रायडर. तो वेगळ्या वास्तवातला फ्रँक आहे, त्यामुळे वरच्या कुठल्याही अंकाशी त्याचा क्रम जुळवत बसू नका.